वंगण, चेन आणि आत्याचं लुगडं

माझ्यामुळे एक अख्खं गाव सकाळपासून संध्याकाळपर्यंत उपाशी राहिलं होतं.

दुष्काळ नव्हता, दंगल नव्हती, संप नव्हता. सायकलची चेन तुटली होती. माझ्या सायकलची! आणि ज्यांच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नाही, त्यांतली बरीच मंडळी अजून हयात आहेत, म्हणून गावाचं नाव सांगत नाही. जळगावच्या पिंप्राळ्याहून निघून गिरणा ओलांडली की पलीकडे आहे, एवढं पुरे. मी तिकडे फारसा जात नाही. गेलोच तर एसटीनं जातो, आणि घरून जेवून जातो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. बी.कॉम. होऊन मी घरी बसलो होतो. आमचे वडील, म्हणजे आबा, "दिलीप सध्या घरी बसलाय" हे येणाऱ्या-जाणाऱ्याला इतक्या वेळा सांगायचे की आमच्या पोस्टमनला ती माझी नोकरीच वाटायला लागली होती. अशा दिवसांत आबांनी, कोण जाणे कुठल्या मुहूर्तावर, मला गिअरची सायकल घेऊन दिली. जाड टायर, सरळ हँडल, मागे पाच चक्रं. दुकानदार म्हणाला, "ही डोंगरावर चढते." जळगावात डोंगर कुठाय, हे मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. आबांची एकच अट होती. "कॅरिअर बसवून द्या. कॅरिअर नाही ती कसली सायकल?" दुकानदार रडकुंडीला आला, पण कॅरिअर बसलं. चेनकव्हर मात्र मी बसवू दिलं नाही. चेनकव्हर म्हाताऱ्या मास्तरांच्या सायकलला असतं! (हे वाक्य मला पुढे फार महागात पडलं.)

या सायकलला एकच खोड होती. तिची चेन तुटायची. चढ आला की मी सीटवरून उभा राहून पॅडल दाबायचो, आणि दाबता दाबताच गिअर टाकायचो. कट्ट! की चेन रस्त्यावर आणि मी हँडलवर. चेन माझ्या या सवयीनं तुटते हे मला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. मला वाटायचं, तेल कमी पडतंय. चेन टिकवायची कशी, या विषयावर मी त्या वर्षी जेवढं डोकं चालवलं, तेवढं परीक्षेला चालवलं असतं तर आज कुठल्या तरी बँकेत मॅनेजर असतो. चेनला रॉकेलनं आंघोळ घातली. मग शिलाई मशीनचं तेल. मग मेणबत्त्या वितळवून त्या मेणात चेन बुडवून काढली, तीही आईच्या भजी तळायच्या कढईत. आईनं ती कढई भांडीवालीला देऊन टाकली. मलाही देऊन टाकलं असतं, पण भांडीवालीनं घेतलं नसतं.

शेवटी मला साक्षात्कार झाला तो आत्याच्या गावी.

यमुनाआत्या आबांची थोरली बहीण. आई लवकर गेली म्हणून आबांना तिनंच कडेवर घेऊन वाढवलेलं. साठीतले आबा तिच्यापुढे गेले की आपोआप आठ वर्षांचे व्हायचे. ती माझ्या सायकलला फार हसायची. "दिल्या, हाई सायकल शे का उघडं म्हैसनं हाडकं? कपडा घाल रे तिले!" असं म्हणायची आणि पुढ्यात शेवभाजी ठेवायची, तिखटानं डोळ्यांत पाणी आलं की पुन्हा हसायची. तिच्या अंगणात फुवांची, म्हणजे तिच्या यजमानांची, बैलगाडी उभी असायची. गाडीखाली बांबूचं नळकांडं टांगलेलं, त्यात वंगण: एरंडेल तेल आणि जळक्या चिंध्यांची राख. काळंकुट्ट, चिकट, वास असा की माशीसुद्धा बसत नसे. त्या वंगणावर त्या गाडीच्या चाकांमधला आख फुवांच्या वडिलांपासून चालला होता!

मी म्हटलं, "फुवा, मला डबाभर द्या."

"काय करशी?"

"सायकलच्या चेनला लावतो."

"आरे, हाई गाडाना आखले लावतस!"

"चालतंय हो. लोखंड ते लोखंड."

फुवा कमी बोलणारे. त्यांनी डबा भरून दिला. आत्या ओसरीवरून म्हणाली, "द्या, द्या. सायकल चालनी नही तर बैल जुंपी लिसू!"

ती तिची माझ्याशी शेवटची थट्टा. त्यानंतर ती अंथरुणाला खिळली. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी यायची, आमच्या अंगणातल्या झोक्यावर बसून गाणी म्हणायची, ती त्या वर्षी आली नाही. आबांनी तरी तिच्यासाठी लुगडं आणलं. हिरवंगार, लाल काठाचं, नऊवारी. "बरी झाली की नेसेल," म्हणाले, आणि दुकानातल्या कागदात सुतळीनं बांधलेली ती पुडी तशीच कपाटावर ठेवली. आखाजी होऊन गेली. पुडी कपाटावरच राहिली.

मग एका सकाळी शेजारच्या किराणा दुकानातून शेठजींची हाक आली. गल्लीत फोन तेवढा त्यांच्याकडेच. "आबा! फोन छे! जल्दी!" आबा एका पायात चप्पल घालून गेले आणि कुठल्याच पायात चप्पल न घालता परत आले. "यमुना गेली," म्हणाले, आणि उंबऱ्यावर बसले.

आमच्यात बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं वस्त्र माहेरचं पडतं. ते आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. आणि तिला उचलेपर्यंत गावात कुणी चूल पेटवत नाही. आबा उठले, कपाटावरची पुडी काढली, तिच्यावरची धूळ हातानं झाडली आणि म्हणाले, "हेच नेसवायचं. दुसरं नाही."

शेठजींनी मेटाडोर मिळवून दिली. अर्धी गल्ली तीत चढली. पुढे आबा, मागे आई आणि बायका, मधल्या जागेत कोण कुणाच्या मांडीवर आहे याचा पत्ता नाही. मी दाराला लटकलो तर ड्रायव्हर म्हणाला, "अजून एक माणूस चढला तर टायर बसेल. मग सगळेच बसा इथं."

आणि इथं मी तोंड उघडलं. गप्प राहिलो असतो तर हा लेखच लिहावा लागला नसता!

"आबा, मी सायकलवर येतो. तुम्हाला हायवेच्या पुलावरून फेरा पडतो. मी नदीच्या पात्रातून सरळ जातो. तुमच्या आधी पोचेन!"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "आम्हाला वाटेत पाहुण्यांना निरोप देत जायचंय. मग असं कर, हे तूच ने. ऊन तापायच्या आत तिच्या पायाशी ठेव."

आई मागून ओरडली, "अहो, त्याच्याकडे नका देऊ!"

"गिअरची आहे ती," आबा म्हणाले.

माझ्या आयुष्यात आबांनी माझ्यावर विश्वास टाकला तो हा एकदाच. तोही माझ्यावर नव्हता, गिअरवर होता.

मेटाडोर गेली. मी पुडी कॅरिअरला घट्ट लावली. आणि आत्याच्या शेवटच्या कामाला निघायचंय तर सायकल चकचकीत हवी, म्हणून चेनला ताज्या वंगणाचा दणदणीत लेप दिला. बोटानं. आतून, बाहेरून, वर, खाली. नवरीला हळद लावतात तशी! आणि निघालो.

वैशाखातली गिरणा म्हणजे नुसती वाळू. उतरलो पात्रात. जाड टायर मस्त चालले, मी स्वतःवर खूश झालो, आणि आत्या गेलीय हे आठवून पुन्हा रडायला लागलो. असा आलटून पालटून अर्ध्या पात्रापर्यंत पोचतो तो खालून कर्र कर्र आवाज सुरू झाला. वाकून पाहिलं तर वंगणावर वाळू बसलेली, तिळगुळावर तीळ बसतात तशी. चेन दिसतच नव्हती. मला वाटलं, नवं वंगण मुरतंय.

पलीकडच्या काठाचा चढ आला. मी सवयीनं उभा राहिलो, सवयीनं दाबलं, सवयीनं गिअर टाकला.

कट्ट!

वाळूत तोंड खुपसून पडलेल्या मला आधी दोन पाय दिसले. पात्रात टरबुजाची वाडी होती, तिचा मालक समोर उभा होता. हातात टरबुजाची फोड.

"काय व्हयनं रे भाऊ?"

"चेन तुटली."

"इतला दाता शेतस तिले, तरी तुटनी?" त्यानं फोड माझ्यापुढे धरली. "ले, खा. कथा जाई राह्यना?"

"मयतीला. आत्या गेली माझी."

त्यानं पुढे केलेली फोड पटकन मागे घेतली. "मंग नको खाऊ," म्हणाला, आणि माझ्याकडे दुःखानं बघत ती स्वतःच खाल्ली.

मात्र खिळा आणि दगड त्यानं दिला. तुटलेली कडी ठोकून काढायची, उरलेली दोन टोकं जोडायची. चेन थोडी आखूड होते, पण चालते. हे काम मला झोपेतही जमायचं. फक्त आता हाताला वंगण, वंगणाला वाळू आणि कपाळाला घाम. कपाळ पुसलं की वंगण कपाळाला. डोळे पुसले की डोळ्यांना. वाडीवाला म्हणाला, "भाऊ, तठे जाईसन रडू नको. लोके घाबरतीन."

चेन बसली. खिळा तिथंच विसरलो. (तोही पुढे फार महागात पडला.)

काठावर चढलो तर बैलगाड्यांची चाकोरी. खाली काळी माती वाळून दगड झालेली, डोक्यावर ऊन नुसतं भाजून काढत होतं. सायकल धाडधाड उडायला लागली. मी मनात म्हणत होतो, आत्या, आलो. एवढ्यात मागचा गिअर, म्हणजे चेन सरकवणारा तो लोंबता दांडा, एका ढेकळावर आपटला, वाकडा झाला आणि सरळ चाकाच्या तारांत घुसला. पुन्हा कट्ट! या वेळी चेन तुटली ती एका जागी नाही, दोन जागी.

रस्त्यावर चिटपाखरू नाही. खिळा नाही. शेवटी मधला तुटका तुकडा फेकून दिला, एका टोकाचा पिन अर्धवट निघालेला होता, तो दगडानं परत ठोकला आणि चेन एकाच चक्रावर कशीबशी बसवली. पाच गिअरची सायकल एका गिअरची झाली. वाकडा गिअर मात्र लोंबत होता, तो वर बांधायला काही तरी हवं होतं. जवळ दोरी एकच. पुडीची सुतळी.

सोडली. बांधली. गिअर वर गेला आणि लुगडं मोकळं झालं. कागद माझ्या बोटांना चिकटून फाटला. आता लुगडं ठेवायचं कुठं? कॅरिअरवरून तर उडेल. काळ्या हातांनी धरीन तर डागाळेल. म्हणून मी दोन्ही कोपरांनी ते उचललं, मानेभोवती उपरण्यासारखं गुंडाळलं, आणि माझ्या हुशारीवर खूश होऊन निघालो.

नऊवारी लुगडं किती लांब असतं याचा अंदाज अविवाहित माणसाला नसतो.

एक पदर सुटला कधी, खाली लोंबला कधी, पुढच्या दात्यांत शिरला कधी, काही कळलं नाही. एकदम कुणीतरी गळा धरून खाली ओढल्यासारखं झालं आणि मी सायकलसकट आडवा. पाहतो तर लुगड्याचा काठ चेनमध्ये, चेन दात्यांत, दाते लुगड्यात! उलटं पॅडल मारलं तर अजून दोन हात आत गेलं. सरळ मारलं तर अजून. निम्मं लुगडं सायकलनं गिळलं आणि उरलेलं निम्मं माझ्या मानेला पक्कं आवळलेलं. चेन सांगाड्याला चिकटून अशी रुतून बसली की चाक पुढे फिरेना, मागे फिरेना. चेनकव्हर असतं तर? पण ते म्हाताऱ्या मास्तरांच्या सायकलला असतं.

मी रडलो. खोटं कशाला सांगू! मोठ्यानं, एकट्यानं, सायकलशेजारी मातीत बसून रडलो. सूर्य डोक्यावरून कलला होता. ज्या बाईनं माझ्या बापाला वाढवलं, तिला माझ्या चेनपायी उन्हात ताटकळायला लागलं होतं. सायकल खांद्यावर घ्यायची, चार पावलं चालायचं, मान आवळली की बसायचं, असं करत पुढे सरकत राहिलो.

मागून कडब्याची गाडी आली. आवाज मुळीच नाही, एकदम मागे येऊन उभी राहिली तेव्हाच कळलं. गाडीवरच्या म्हाताऱ्यानं मला वरून खालपर्यंत पाहिलं. काळं तोंड, गळ्यात हिरवं लुगडं, लुगड्याला सायकल.

"तू तो लुगडावाला का?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आरे, चार गावले कळनं! गाव बठ्ठं उपाशी शे तुनापायी. चढ वर!"

मी आणि सायकल वेगळे होऊ शकत नव्हतो, म्हणून दोघंही कडब्यावर चढलो. त्या गाडीचा आख सबंध वाटेत एकदाही कुरकुरला नाही. वंगण उत्तमच होतं. ते फक्त तिथं लावायचं असतं.

गावात काय चाललं होतं ते आईनं मला नंतर सांगितलं. मेटाडोर कधीच पोचली होती. आबांनी सगळ्यांना सांगितलं होतं, "लुगडं निघालंय. पोरगा येतोच आहे. गिअरची सायकल आहे." मग दर थोड्या वेळानं वेशीवर जाऊन उभे राहत होते. कुणी तरी म्हणालं, "आबा, गावातून दुसरं लुगडं आणू, माहेरच्या नावानं टाकू." आबांनी मान हलवली. "आखाजीला तिच्यासाठी घेतलंय. तेच पडेल." फुवा रडले नाहीत. आत्याच्या उशाशी भिंतीला टेकून बसले होते. पोरं भुकेनं किरकिरत होती, आणि म्हातारे विडीवर दिवस काढत होते. सगळ्यात पंचाईत बायकांची. मयताला हेल काढून रडायचं म्हणजे गेलेल्या बाईच्या आठवणी गुंफायच्या. सकाळपासून सगळ्या आठवणी सांगून संपल्या. मग आत्याच्या जाऊबाईंनी सूर लावला:

"पाच गेरनी सायकल व माय... कोना बांधवर अडकनी व बाई... तुनं माहेरनं लुगडं व माय... कथं राही गयं व..."

अशी माझी सायकल त्या गावच्या रडण्यात गेली. अजून निघालेली नाही.

मी गाडीवरून उतरलो. आई पुढे आली, माझं तोंड पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे मेल्या, काय करून ठेवलंस!" आधी माझी मान सोडवली. मग सायकल अंगणात आडवी ठेवली आणि तिच्याभोवती अख्खं गाव उभं राहिलं. लुगडं निघेना.

"कापी टाका ना अडकेल तितलं!" एक जण.

"कापायचं नाही!" आबांचा आवाज चिरकला. "फाटकं लुगडं घालून पाठवू का तिला माहेराहून?"

"तेल सोडा."

"तेलच शे ना ते बठ्ठं!"

"उलटं फिरव."

"नका!" मी ओरडलो. "उलटं फिरवलं की आत जातं!"

"मंग सरळ फिरव."

"सरळ फिरवलं तरी आत जातं!"

रडणाऱ्या बायकांनी रडणं थांबवून खिडकीतून सल्ले दिले. एकीनं सुई आणली, एकीनं विळा आणला, तो आबांनी हिसकावून घेतला. शेवटी ठरलं की चेन तोडायची. मी म्हटलं, "हे माझ्यावर सोडा. ही चेन तुटते! नुसतं दाबलं तरी तुटते!"

आणि ती तुटेना! दगडानं ठोकलं, तुटेना. कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकलं, तुटेना. हातोडी आली, पहार आली. चार दांडगे गडी चौफेर बसून ठोकत होते आणि ती चेन नुसती चकाकत होती. वर्षभर रॉकेल घाल, मेण घाल, हळद लावल्यासारखं वंगण लाव, तेव्हा ती टिकली नाही. टिकली ती तेव्हा, त्या अंगणात, आत्याच्या डोळ्यांदेखत. एक म्हातारा पोटावर हात ठेवून म्हणाला, "कोनती कंपनी शे रे भाऊ? आमना मोटना दोर असा पाहिजे व्हता."

तेवढ्यात आतून फुवा आले. गर्दीनं वाट दिली. त्यांनी सायकलकडे पाहिलं, लुगड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलंच नाही.

"दे रे आठे ती हातोडी."

ते खाली बसले आणि मारायला लागले. एक, दोन, मग मोजायचं सुटलं. म्हातारा माणूस, सकाळपासून पोटात पाणी नाही, पण हात थांबेना. आबा म्हणाले, "दाजी, पुरे." त्यांनी ऐकलं नाही. ओठ घट्ट मिटून नुसते मारत होते. आणि मग एकदम कडी उडाली, चेन सैल पडली, आणि हातोडी टाकून फुवा तिथंच धुळीत बसून हमसून हमसून रडायला लागले. सकाळपासून पहिल्यांदाच. आबा त्यांच्याजवळ बसले. दोघं एकमेकांना धरून रडले. मी बाजूला उभा होतो, सुटलेलं लुगडं हातात घ्यायचीही माझी छाती होत नव्हती.

लुगड्यावर एका टोकापासून निम्म्यापर्यंत चेनचे काळे दात उमटले होते, ओळीनं, काठाकाठानं. आबा धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले. आई म्हणाली, "अहो, पुसू नका, पसरतंय." बायका म्हणाल्या, घडी आत घाला, दिसणार नाही. फुवांनी डोळे पुसले.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "तिना भाचानं आनेल शे."

तसंच तिच्या अंगावर घातलं. ऊन उतरायच्या आत तिला उचललं. स्मशानातून परतताना पाहिलं तर गावातल्या सगळ्या छपरांवरून एकाच वेळी धूर निघत होता, आणि ज्या दारासमोरून मी जात होतो त्या दारातून कुणी तरी माझ्याकडे बोट दाखवत होतं. त्या रात्री शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणली. मला कुणी वाढलं नाही. मीही ताट मागितलं नाही. फुवांनी त्यांच्या ताटातली अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढे सरकवली.

चेन कशी टिकवायची, ते आता मला नीट ठाऊक आहे. तेल थोडं घालायचं, घातलं की फडक्यानं पुसून काढायचं. वाळूतून आणलीत तर आधी झाडा, मग तेल. चढावर जोर लावताना गिअर बदलायचा नाही, आधीच बदलून ठेवायचा. ताणली गेली की हट्ट न करता नवी घ्यायची. आणि वंगण बैलगाडीला. विचारायला मात्र कुणी येत नाही. आमच्या नात्यात माझ्याशी चेनचा विषय काढला की माणसं हळूच जेवलो की नाही ते आठवून बघतात.

आबा आता नाहीत. आई ऐंशीच्या पुढे आहे आणि खणखणीत आहे. मागच्या महिन्यात तिची औषधं शोधायला मी तिचं कपाट उघडलं तर वरच्या कप्प्यात फिकट निळी साडी, कोरी, प्लास्टिकच्या पिशवीत. मी म्हटलं, "ही कुठली?"

"माझ्या भावाकडून आणून ठेवलीय," आई म्हणाली. "माझ्या वेळेसाठी. तुझ्या भरवशावर मी उन्हात पडून राहणार नाही."

साडी परत ठेवायला गेलो तर खाली दुसरी पिशवी. हिरवी साडी, लाल काठ. एवढ्यात बायको मागे येऊन उभी राहिली.

"ती माझी," ती म्हणाली.

"तुझी? अगं, तुझं माहेर इथंच, याच गल्लीत, तिसरं घर! चालत जाऊन आणेन की मी!"

"चालत गेलात तर प्रश्नच नव्हता," बायको म्हणाली आणि पिशवीची घडी सारखी केली. "पण तुम्ही सायकल काढाल."